बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू आजारी पडल्यास: आधी ऊब, मग पाणी, मग घास

आमच्या घरी आलेले बिअर्डेड ड्रॅगनचे, म्हणजे गळ्याखाली दाढीसारखी काटेरी कातडी असलेल्या पाळीव सरड्याचे, पहिले पिल्लू जून महिन्यात, म्हणजे मेलबर्नच्या ऐन थंडीत, आजारी पडले. वय जेमतेम तीन महिने, वजन ३४ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन तोळे. दोन दिवस ते रातकिड्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हते, डोळे मिटून पेटीच्या गार कोपऱ्यात पडून होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तेव्हा आकडा ३१ वर येऊन थांबला. सांगलीहून आलेल्या सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, दोन घास पोटात गेले की येईल तरतरी. भरव त्याला." माझ्याही मनात तेच होते. मी त्याचा जबडा हलकेच उघडून एक रातकिडा आत सारला, आणि संध्याकाळी तो जसाच्या तसा, न पचलेला, उलटून बाहेर आला.

माणसाच्या लेकराला मानवणारी ही माया सरपटणाऱ्या प्राण्याच्या पिल्लाला मात्र बाधते, हे डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी समजावून सांगितले. या प्राण्याला स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याची आतडी हलतात, पाचक रस काम करू लागतात, रोगाशी झुंजण्याची ताकद जागी होते आणि दिलेले औषधही अंगी लागते. गार पडलेल्या पोटात ढकललेला घास पचत नाही, तो आतच कुजतो किंवा उलटून पडतो. अंगातले पाणी आटलेले असताना दिलेले अन्न मूत्रपिंडांवर ताण आणते. म्हणून आजारी पिल्लाच्या शुश्रूषेचा क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, आणि या दोन्ही गोष्टी साधल्यावरच घास. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांना पर्याय म्हणून नव्हे. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत आणि तिथून परतल्यावर घरी काय करावे, एवढ्यासाठीच आहे.

आजार ओळखताना

हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला आहे. उघड्या माळावर जो दुबळा दिसतो त्याला शिकारी पक्षी आधी उचलतो, त्यामुळे आजार लपवणे हे त्याच्या रक्तातच आहे. आपल्या नजरेला आजार दिसतो तोवर तो बहुधा कित्येक दिवसांचा झालेला असतो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे वजन. एक ग्रॅमपर्यंत, जमल्यास त्याहूनही बारीक मोजणारा डिजिटल काटा घ्यावा, रोज सकाळी खाण्याआधी पिल्लाला हलक्या डब्यात ठेवून वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. वाढत्या वयातल्या पिल्लाचे वजन आठवडाभर एकाच आकड्यावर अडून राहणे हीसुद्धा काळजीची गोष्ट आहे, आणि दहावा हिस्सा घटला तर डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलू नये. आम्ही वापरलेला स्वयंपाकघरातला काटा त्या दिवसापासून कायमचा पिल्लाचाच झाला. त्याचे कारण पुढे येईलच.

नवख्या पालकाला काही निरोगी खुणाही भीतीदायक वाटतात. सकाळी दिवा लागल्यावर पिल्लाचे अंग काळपट दिसते, कारण गडद रंगाने ऊब लवकर शोषली जाते. दिव्याखाली बसून त्याने तोंड उघडे ठेवले तर ते जादा उष्णता बाहेर टाकत असते. पुढचा एक पाय उचलून हात हलवल्यासारखे करणे ही समोरच्यापुढे नमते घेण्याची खूण आहे. यांतल्या कशासाठीही धावपळ करण्याची गरज नाही.

काळजी करावी ती पुढील गोष्टींची. दिवसाढवळ्या डोळे मिटून पडून राहणे, डोळे खोल जाणे, शेपटीच्या बुडाशी हाडे वर दिसू लागणे, डोक्यावरचे दोन मऊ उंचवटे बसून खळगे पडणे, दाढी तासन् तास काळी राहणे, विष्ठा पातळ आणि नेहमीपेक्षा फार दुर्गंधीची होणे. निरोगी विष्ठेला तपकिरी भाग असतो आणि त्याला जोडून पांढरा, खडूसारखा मऊ भाग असतो. हा पांढरा भाग पिवळा आणि कडक झाला तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजावे. पिल्लांनी रोज खायला हवे. मोठा ड्रॅगन आठवडाभर रुसून बसला तरी तग धरतो, पण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाने दोन दिवस अन्न नाकारले तर ती वाट पाहण्याची वेळ नव्हे.

येथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट लिहायला हवे. थंडीत बिअर्डेड ड्रॅगन मंदावतात आणि आठवडे-महिने झोपून काढतात, हे खरे आहे, पण ते मोठ्या ड्रॅगनांचे. एक वर्षाच्या आतले पिल्लू सहसा अशी हिवाळी झोप घेत नाही, आणि घेण्याइतकी चरबीही त्याच्या अंगात नसते. "थंडीमुळे झोपले असेल" असे म्हणून आम्ही पहिले दोन दिवस घालवले. ते दोन दिवस मला अजूनही बोचतात.

काही लक्षणे दिसली तर घरचे उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. बोटे किंवा पाय थरथरणे, मागचे पाय ओढत चालणे, दिव्यापासून दूर असताना मान ताणून तोंडाने श्वास घेणे, नाकातोंडाशी चिकट स्राव वा बुडबुडे, विष्ठेत रक्त, गुदद्वारातून आतला भाग बाहेर येणे, मान वर वळवून आकाशाकडे पाहत राहणे, किंवा हातात घेतल्यावर अंग लुळे लागणे ही ती लक्षणे होत.

ऊब

आजारी पिल्लाकडे वळण्याआधी त्याच्या पेटीकडे वळावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दुखण्याचे मूळ तिथेच सापडते. पेटीला चिकटवायचे गोल काट्याचे स्वस्त थर्मामीटर बाजूच्या काचेचे तापमान सांगतात, पिल्लू जिथे बसते त्या फांदीचे नव्हे. आमचे थर्मामीटर ३८ अंश दाखवत होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून इन्फ्रारेड थर्मामीटर आणून फांदीवर रोखला तेव्हा आकडा २९ आला. निरोगी पिल्लाच्या शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश सेल्सिअस हवा, पेटीची गार बाजू २५ ते २८ अंशांच्या आसपास हवी, आणि रात्री तापमान १८ ते २० अंशांच्या खाली जाऊ नये. मेलबर्नच्या घरात रात्री हीटर बंद केल्यावर पहाटे तापमान सहज १४-१५ अंशांवर येते, त्यामुळे येथे थंडीत रात्रीची सोय करावीच लागते. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरावा. लाल किंवा निळा रात्रदिवा वापरू नये, त्याने पिल्लाची झोप मोडते. तापणारा कृत्रिम दगड तर आणूच नये. या प्राण्याला पोटाखालची जास्तीची उष्णता वेळेवर जाणवत नाही आणि पोट भाजते.

आजारी पिल्लासाठी या आकड्यांत थोडा फरक करावा लागतो, आणि तो महत्त्वाचा आहे. धडधाकट पिल्लू फार तापले की स्वतः उठून सावलीत जाते, पण अशक्त पिल्लाला तेवढेही बळ नसते. ज्या दिव्याखाली निरोगी पिल्लू सुखाने शेकते त्याच दिव्याखाली आजारी पिल्लू जागच्या जागी भाजू शकते. म्हणून त्याच्यासाठी शेकण्याची जागा ३६ ते ३८ अंशांवर आणावी, बाकी पेटी २८ ते ३० अंशांवर ठेवावी, आणि पहिल्या दिवशी तरी दर अर्ध्या तासाने जाऊन पाहावे. गार पडलेले पिल्लू एकदम तापवू नये, तास-दोन तासांत हळूहळू ऊब चढू द्यावी. वीज गेली किंवा दिवा फुटला तर गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे पिल्लाला दूर सरकायला जागा राहते. पिशवी उघडी ठेवून त्यावर पिल्लू झोपवू नये.

पेटीतली वाळू, लाकडाचा भुसा, सारे काढून टाकावे आणि साधे पेपर टॉवेल अंथरावेत. त्यावर विष्ठा लगेच दिसते आणि रोज बदलताही येते. फांद्या उंच असतील तर त्या उतरवाव्यात, कारण अशक्त पिल्लू वरून पडते. लपण्यासाठी एक आडोसा मात्र ठेवावा. पेटीत दुसरे पिल्लू असेल तर त्याला आजच वेगळे करावे. "एकट्याला करमणार नाही" म्हणून जोडीने पिल्ले आणणारी मराठी कुटुंबे मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यामागचे मन मला समजते. पण हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. दोघांपैकी दांडगे पिल्लू दिव्याखालची जागा अडवते, दुसऱ्यावर चढून बसते, त्याची बोटे आणि शेपटीचे टोक चावते. आपल्याला ते एकमेकांना बिलगून बसल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात खालचे पिल्लू उपाशी आणि गार राहत असते.

उबेइतकाच महत्त्वाचा आहे तो अतिनील प्रकाश, ज्याला दुकानात यूव्हीबी म्हणतात. या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्वाची घडण सुरू होते, अंगाच्या उबेने ती पुरी होते, आणि हे जीवनसत्त्व असेल तरच पोटातले कॅल्शियम रक्तात शोषले जाते. ते मिळाले नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीचा कणा वेडावाकडा होतो, आणि रक्तातले कॅल्शियम आणखी घसरले की बोटे थरथरू लागतात. पिल्लू झपाट्याने वाढत असल्याने त्याला हा रोग काही आठवड्यांतच गाठतो. आमच्या पिल्लाला नेमके हेच झाले होते. "सगळे काही एकात" म्हणून विकलेल्या संचात गुंडाळीच्या आकाराचा छोटा यूव्हीबी दिवा होता, त्याचे किरण जेमतेम वीतभर अंतरापर्यंत पोहोचत होते आणि मधे बारीक जाळी होती. जाळी तिच्या विणीप्रमाणे किरणांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अडवू शकते. खिडकीच्या काचेतून तर हे किरण जवळजवळ येतच नाहीत, म्हणून काचेआडून येणारे ऊन उपयोगाचे नाही. पेटीच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक लांबीची, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, टी-५ प्रकारची सरळ ट्यूब लावावी, ती शेकण्याच्या जागेपासून साधारण ३० ते ४५ सेंटीमीटरवर ठेवावी, बनवणाऱ्याने दिलेले अंतर पाहून घ्यावे, आणि १२ ते १४ तास चालू ठेवावी. ट्यूबचा उजेड डोळ्यांना तसाच दिसत राहतो, पण यूव्हीबी घटत जाते, म्हणून दर वर्षी ती बदलावी. काचेची पेटी उचलून उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. काही मिनिटांतच आतले तापमान जीवघेणे होते.

पाणी

पिल्लाचे अंग उबदार झाल्यावर पाण्याकडे वळावे. येथे थंडीत घरोघर डक्टेड हीटिंग चालू असते आणि हवा फार कोरडी होते, त्यामुळे पाणी कमी पडण्याचा त्रास हिवाळ्यातही होतो. बरीच पिल्ले वाटीतले स्थिर पाणी ओळखतच नाहीत. त्यांना हलणारा, चमकणारा थेंब कळतो. सुई नसलेल्या १ मिलीच्या सिरिंजने कोमट पाण्याचा एक थेंब नाकपुडी टाळून वरच्या ओठाच्या टोकावर ठेवावा आणि थांबावे. काही क्षणांत गुलाबी जीभ बाहेर येते आणि थेंब चाटला जातो. मग दुसरा थेंब. आमच्या पिल्लाने पहिल्या रात्री अकरा थेंब चाटले, आणि माझ्या मुलीने ते मोठ्याने मोजले. ३० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी अर्ध्या मिलीच्या आसपास पाणी पुष्कळ झाले, असे दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. तोंड उघडून पिचकारी मारू नये. या प्राण्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते, आणि जोराने सोडलेले पाणी सरळ फुप्फुसांत जाते. जे पिल्लू चाटत नाही, त्याला कातडीखाली सलाइन देण्याची गरज असते आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

कोमट पाण्यात बसवणेही उपयोगी पडते. पाणी ३० ते ३३ अंशांचे असावे, थर्मामीटरने मोजावे, आणि ते पिल्लाच्या कोपरांच्या वर जाऊ देऊ नये. दहा-पंधरा मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ तिथून हलू नये, फोन वाजला तरीही. कातडीतून पाणी शोषले जाते असे पुष्कळ जण सांगतात, ते खरे नाही. मात्र पाण्यात बसलेले पिल्लू बऱ्याचदा मान खाली घालून पिते, आणि पोटही साफ होते. बाहेर काढल्यावर त्याला मऊ टॉवेलने टिपून लगेच उबेत ठेवावे. पिल्लू लुळे असेल तर त्याला पाण्यात बसवूच नये.

पोट साफ होत नाही म्हणून एरंडेल किंवा दुसरे कोणतेही तेल पाजू नये. आपल्याकडे हा सल्ला मोठ्या आपुलकीने दिला जातो, पण तेलाचा एक थेंब फुप्फुसांत गेला तर न्यूमोनिया होतो. बद्धकोष्ठाला वाळूइतकीच, कित्येकदा वाळूपेक्षाही अधिक, गार पेटी आणि पाण्याची कमतरता कारणीभूत असते. ऊब आणि पाणी मिळूनही पोट फुगलेले राहिले, तर एक्स-रे काढावा लागतो.

घास

ऊब मिळून निदान एक दिवस झाला, पिल्लू पाणी चाटू लागले, डोळे उघडून इकडे तिकडे पाहू लागले, की अन्न समोर ठेवावे. बळजबरीने भरवू नये. सुरुवात मऊ आणि पाणीदार अळ्यांनी करावी. रेशमाच्या किड्याची छोटी अळी किंवा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी उत्तम. या दुसऱ्या अळीत कॅल्शियम मुळातच भरपूर असते. रातकिड्यात मात्र कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट अधिक असते, म्हणून रातकिडे आणि वुडी नावाने येथे मिळणारी झुरळे कॅल्शियमच्या भुकटीत घोळूनच द्यावीत. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नसावा. न खाल्लेले रातकिडे पेटीत सोडून ठेवू नयेत. ते रात्री अशक्त पिल्लाचेच लचके तोडतात. घरात किंवा बागेत पकडलेले किडेही नकोत, त्यांच्यावर कोणते औषध फवारले होते ते आपल्याला ठाऊक नसते. काजवा तर चुकूनही खाऊ घालू नये. अमेरिकेतल्या काजव्यांत असे विष असते की एकच काजवा मोठ्या ड्रॅगनचाही जीव घेऊ शकतो.

पिल्लाने चार-पाच दिवस काहीच खाल्ले नसेल तर डॉक्टर आजारी प्राण्यांसाठी बनवलेली अन्नाची भुकटी देतात. ती कोमट पाण्यात पातळ कालवून, त्यांनी सांगितलेल्या मापानेच, थेंबाथेंबाने चाटवावी. पहिल्या दिवशी कमी, मग हळूहळू वाढ. उपाशी शरीरावर एकदम पोटभर अन्नाचा मारा केला तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून जीवही जाऊ शकतो. लहान मुलांचे गोड सिरीयल, दूध, दही, भात यांतले काहीही देऊ नये. पालकाची भाजी या काळात टाळावी, तिच्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. ॲव्होकॅडो विषारी आहे. लाल भोपळ्याचा बारीक कीस आणि कोवळी हिरवी पाने पिल्लासमोर रोज ठेवावीत, पण त्याचा भर या वयात किड्यांवरच असतो, हे लक्षात असू द्यावे.

डॉक्टरांकडे

कुत्र्या-मांजरांचे प्रत्येक डॉक्टर सरपटणारे प्राणी पाहतातच असे नाही, म्हणून एक्झॉटिक किंवा रेप्टाइल पाहणारे डॉक्टर कुठे आहेत हे पिल्लू घरी आणण्याआधीच शोधून ठेवावे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एआरएव्ही या डॉक्टरांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर अशा डॉक्टरांचा शोध घेता येतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी फोन करून "तुम्ही इग्वाना किंवा बिअर्डेड ड्रॅगन तपासता का?" असे थेट विचारावे आणि नसल्यास कोणाकडे जावे तेही त्यांनाच विचारावे.

जाताना पिल्लू छोट्या, झाकणाला भोके असलेल्या डब्यात मऊ कापडावर ठेवावे, डबा २८ अंशांच्या आसपास उबदार राहील असे पाहावे, आणि गाडी आधी गरम करून घ्यावी. सोबत वजनाची वही, पेटीचे आणि दिव्यांचे फोटो, भुकट्यांच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो न्यावेत. शक्य तेवढी ताजी विष्ठा झिपच्या पिशवीत, पिशवी बंद डब्यात, आणि डबा फ्रीजमध्ये ठेवून एका दिवसाच्या आत पोहोचवावी. ती गोठवू नये. आमच्या डॉक्टरांनी पिल्लाला हात लावण्याआधी दहा मिनिटे पेटीचे फोटो पाहण्यात घालवली. तेव्हा मला तो वेळ वाया चालल्यासारखे वाटले होते. पण निदानाचे अर्धे काम त्या दहा मिनिटांतच झाले.

विष्ठेच्या तपासणीत बहुधा दोन गोष्टी निघतात. बारीक पांढरे पिनवर्म थोडे असतील तर डॉक्टर कधी कधी औषधही देत नाहीत. कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी मात्र पिल्लांना खंगवतात. त्यांचे औषध घरी येईल, पण औषध अर्धेच काम करते. विष्ठेतून बाहेर पडलेली त्यांची बीजे एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि पिल्लू ती पुन्हा गिळते. साध्या ब्लीचला ती दाद देत नाहीत. म्हणून विष्ठा दिसताच उचलणे, अंथरलेला कागद रोज बदलणे, फेकता येतील त्या फांद्या फेकून देणे आणि उरलेल्या वस्तूंना वाफ देणे, हे औषधाइतक्याच नेटाने करावे लागते.

मान वर वळवून राहणारे, खाऊनही न वाढणारे पिल्लू असेल तर डॉक्टर ॲटाडेनोव्हायरसची चाचणी सुचवतात. त्यावर आज औषध नाही, केवळ आधार देता येतो. काही पिल्ले तगतात, पण ती जन्मभर दुसऱ्या ड्रॅगनांपासून वेगळी ठेवावी लागतात. कातडीवर पिवळट-तपकिरी खपल्या धरून खाली मांस सडू लागले असेल तर बुरशीचा गंभीर रोग असू शकतो. तोही संसर्गजन्य आहे आणि त्याचे उपचार महिनोन् महिने चालतात. बोटांना किंवा शेपटीच्या टोकाला अडकलेली कात ओढून काढू नये. कोमट ओल्या कापडात रोज थोडा वेळ गुंडाळून ती सैल होऊ द्यावी. टोक काळे पडले असेल तर मात्र दाखवावे.

औषधाचे माप पिल्लाच्या ग्रॅममधल्या वजनावर ठरते. ३० ग्रॅमच्या प्राण्यात एका थेंबाचा फरकही मोठा असतो. त्यामुळे उरलेले औषध, कुत्र्याचे जंताचे औषध, आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी किंवा हळदीचे पाणी, यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने देऊ नये. डॉक्टरांनी सिरिंजवर मार्करने रेघ मारून द्यावी अशी विनंती करावी. ते आनंदाने देतात.

घरातल्या माणसांसाठी

हे प्राणी निरोगी दिसत असले तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया, वयस्कर मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आजारी पिल्लाला हाताळू नये. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. पिल्लाची वाटी, टब आणि काटा यांना स्वयंपाकघरात जागा नाही. ते धुणेही लाँड्रीच्या मोरीत करावे. घरात दोन ड्रॅगन असतील तर निरोगी प्राण्याचे सगळे आधी उरकावे, आजारी पिल्लाकडे शेवटी जावे.

लहान मुलांना काम द्यावे, पण ते पिल्लाला उचलण्याचे नव्हे. आमच्या मुलीकडे वहीत वजन लिहिण्याचे आणि खोलीत गोंगाट होऊ न देण्याचे काम होते. आजारी पिल्लाला सारखे हातात घेणे त्याला शिणवते. औषध, पाणी आणि वजन एवढ्यापुरतेच त्याला उचलावे, आणि पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कापड लावावे.

कधी कधी सारे करूनही पिल्लू हाती लागत नाही. डॉक्टर वेदनारहित मरणाचा विषय काढतील तेव्हा त्यांना विचारावे की त्याला वेदना होत आहेत का आणि बरे होण्याची शक्यता खरोखर किती आहे, आणि मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरे तेच सांगावे. मरणाला टेकलेले पिल्लू फ्रीझरमध्ये ठेवणे हा काही जणांकडून उपाय मानला जातो, पण जिवंत प्राण्याला गोठवून मारणे क्रूर आहे. ते कोणीही करू नये.

आमचे पिल्लू सावरले. कॅल्शियमचे औषध सहा आठवडे चालले, नवी ट्यूब लागली, फांदी ४० अंशांवर आली. पहिले पाच दिवस काटा ३१ वरच राहिला, सहाव्या दिवशी ३२ झाला, आणि त्या सकाळी सासूबाईंनी स्वतः चिमट्यात रेशमाची अळी धरून त्याच्यासमोर हलवली. त्याने मान तिरकी केली, अळीकडे रोखून पाहिले, आणि चिकट जिभेने ती झटक्यात ओढून घेतली. पुढचा एक पाय थोडा वाकडा राहिला आहे, तो तसाच राहील.

वजन सलग दोन आठवडे चढते राहिले, विष्ठा बांधून येऊ लागली आणि पिल्लू दिव्याखालून आपणहून उठून गार बाजूला जाऊ-येऊ लागले, की शेकण्याची जागा हळूहळू पुन्हा ४० अंशांवर न्यावी. औषध संपल्यानंतर दोन आठवड्यांनी विष्ठेची फेरतपासणी करून घ्यावी. ती स्वच्छ आल्यावरच फांद्या परत ठेवाव्यात, आणि रोजचे वजन आठवड्यातून एकदा करण्यास हरकत नाही. नव्या ट्यूबच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहून ठेवावी.